हॉलच्या स्लॅबचं स्टेजिंग: कोल्हापूरच्या फुलेवाडी रिंग रोडवरच्या कामाच्या प्रकल्प नोंदी

१० मार्च

काम एका हॉलचं: ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्लॅब आणि बीम खालून धरणारा तात्पुरता सांगाडा, म्हणजे स्टेजिंग, उभं करायचं. लांबी १८ मीटर, रुंदी १२ मीटर, मध्ये एकही कॉलम नाही, वर मोकळी गच्ची. रुंदीच्या दिशेने १२ मीटरचे सहा मुख्य बीम, ३.६ मीटर अंतराने. बीम ३०० बाय १०५० मिमी, स्लॅब १५० मिमी. लांबीच्या दोन्ही कडांना २३० बाय ६०० चे कडेचे बीम. कॉलम बारा, ३०० बाय ७५०, ते बीमच्या तळापर्यंत भरून झालेत. आतल्या पीसीसीपासून (जमिनीवरच्या साध्या काँक्रीटच्या थरापासून) स्लॅबचा तळ ६.४५ मीटरवर, मुख्य बीमचा तळ ५.५५ मीटरवर.

सेंट्रिंगच्या ठेकेदाराचं म्हणणं, नेहमीचे जॅक (एकात एक सरकणारे टेकूचे पाईप) एकावर एक चढवू, मध्ये फळ्यांचा मजला घालू. ते मान्य नाही. साधा टेलिस्कोपिक जॅक ३ ते ३.५ मीटरच्या खोलीसाठी बनलाय. दोन मजली जॅकमध्ये मधली फळी म्हणजे बिजागरी होते. वरचा जॅक ओळंब्यात, खालचाही ओळंब्यात, पण दोघांची रेघ एक नाही, आणि मधल्या सांध्याला बाजूने धरणारं कोणी नाही. या उंचीला कपलॉकच (उभे-आडवे पाईप कपांत अडकवून जोडायची चौकट) घ्यायचं.

स्टेजिंगचा आराखडा आधी कागदावर येईल, मग माल ठरेल. भाड्याच्या गोदामात जे शिल्लक आहे त्यावरून आराखडा बेतायचा नाही.

१२ मार्च

भाराचं गणित. ओलं काँक्रीट सळईसह २६ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो) प्रति घनमीटर धरलं. स्लॅब १५० मिमी म्हणजे ३.९, प्लाय आणि लाकूड ०.५, माणसं, व्हायब्रेटर, ओतताना होणारा ढीग मिळून २.५. एकूण ६.९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. बीम ८.१९, त्याची पेटी १.०५, वरची वर्दळ ०.७५, म्हणजे साधारण १० किलोन्यूटन प्रति मीटर.

पायांची (उभ्या टेकूंची) चौकट: हॉलच्या लांबीत ०.९ मीटर, रुंदीत १.२ मीटर. ३.६ ला ०.९ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक बीमच्या दोन्ही अंगांना ४५० मिमीवर एकेक रांग येते आणि दोन बीमच्या मध्ये स्लॅबच्या दोन रांगा बसतात. रुंदीत पहिला पाय कॉलमच्या मध्यरेषेपासून ६०० मिमीवर, तिथून १०.८ मीटरमध्ये १.२ चे नऊ गाळे. कुठलाही लेजर (पाय जोडणारा आडवा पाईप) कॉलमला आडवा येत नाही. लांबीत २२ रांगा, रुंदीत १२, एकूण २६४ पाय.

स्लॅबखाली १.२ बाय १.२ घेतलं असतं तर बरेच पाय वाचले असते. पण मग ०.९ आणि १.२ चे लेजर एकाच दिशेला मिसळतात, आणि संध्याकाळी घाईत चुकीच्या गाळ्यात चुकीचा लेजर ठोकून बसवला जातो. एका दिशेला एकच माप, हे भाड्यातल्या बचतीपेक्षा महत्त्वाचं.

बीमखालच्या एका पायावर १२.२ किलोन्यूटन (६.० बीमचे, ६.२ शेजारच्या स्लॅबचे), म्हणजे सव्वा टन. स्लॅबखालच्या पायावर ७.५. पाईप ४८.३ मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाडीचा, क्षेत्रफळ ४५३ चौरस मिमी. दीड मीटरवर लेजर असतील तर गणितात हा पाईप ३० किलोन्यूटनच्या वर जातो. भाड्याचा, वापरलेला, थोडाफार वाकलेला माल म्हणून मर्यादा २० धरली. पाईपची चिंता नाही. चिंता आहे पाईपच्या दोन टोकांची: खाली तो कशावर उभा आहे आणि वर त्यावर काय, कसं टेकलंय.

१५ मार्च

खालचं टोक. बेस प्लेट १५० बाय १५०. सव्वा टन त्यावर आला की खाली ५४० किलोन्यूटन प्रति चौरस मीटरचा दाब पडतो. इतका दाब मोकळ्या भरावावर टाकायचा म्हणजे प्लेट रुतणारच.

जागेवरची परिस्थिती: मूळ थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम. प्लिंथच्या (जोत्याच्या) आत भराव झालाय, पण रोलर फिरलेला नाही, फक्त पाणी सोडून बसवलेला. कॉलमचे फूटिंग (कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) २.४ बाय २.४ मीटरचे, खड्डे १.८ मीटर खोल, आणि तेच खड्डे खोदून काढलेल्या काळ्या मातीने परत भरलेत. आराखड्यावर फूटिंगच्या रेषा टाकून पाहिलं. प्रत्येक कॉलमभोवती चार पाय, म्हणजे बारा कॉलमना मिळून किमान ४८ पाय थेट या खड्ड्यांच्या भरावावर उभे राहतात. त्यातले आतल्या बाजूचे पाय सर्वात जड, मुख्य बीमचे. बीमच्या टोकाचा पाय खचला आणि मधला जागेवर राहिला की बीमचा तळ वाकडा होतो. त्याहून वाईट म्हणजे खचलेल्या पायाचा भार शेजारच्यावर जातो आणि तो गणिताच्या बाहेर पडतो.

काळ्या मातीचा आणखी एक दोष सगळ्यांना माहीत आहे, पण स्टेजिंगच्या वेळी कोणी मोजत नाही. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, ओली झाली की धरत नाही. मार्चमध्ये टाच मारून पाहिलेली जमीन मे महिन्याच्या वळवात तीच राहत नाही.

१६ मार्च

बाहेरचे पाय. शेवटच्या बीमच्या बाहेरची रांग आणि कडेच्या बीमच्या बाहेरची रांग मिळून ६४ पाय प्लिंथच्या बाहेर पडतात. तिथली जमीन आतल्या पीसीसीपेक्षा ६०० ते ७०० मिमी खाली आणि वर-खाली.

कपलॉकच्या व्हर्टिकलला (उभ्या पाईपला) कप ५०० मिमीवर असतात. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा बरोबर ५०० मिमी खाली ठेवली तरच आतला आणि बाहेरचा लेजर एका पातळीत येतो. ६०० ठेवली तर १०० मिमीचा फरक बेस जॅकवर (पायाच्या तळाच्या आटीच्या जॅकवर) काढावा लागतो आणि जॅक उगाच लांब होतो. म्हणून बाहेर १.२ मीटर रुंदीचा मुरूम-पीसीसीचा पट्टा, माथा आतल्यापेक्षा ५०० मिमी खाली. नंतर हाच पट्टा इमारतीभोवतीच्या फरशीचा पाया होणार आहे. बाहेर पीसीसी कशाला, असा मालकाचा वाद होता; हे सांगितल्यावर तो संपला.

२० मार्च

जमिनीचं काम सुरू. आत वरचा सैल भराव ३०० मिमी काढला, मुरूम १५० मिमीच्या दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. वर १०० मिमी पीसीसी. फूटिंगच्या खड्ड्यांवर वरची काळी माती ४५० मिमी काढली, २३० मिमी दगडी सोलिंग, फटीत मुरूम ठोकून, आणि तिथे पीसीसी १५० मिमी, आत ८ मिमी सळईची २०० मिमीवर जाळी. ही पीसीसी खड्ड्याच्या काठाबाहेर ३०० मिमी न खोदलेल्या जमिनीवर चढवली, म्हणजे खड्ड्यातला भराव थोडा बसला तरी वरचा पत्रा पुलासारखा काठावर टेकतो. कॉलमलगत रोलर जात नाही, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर. तोही कोपऱ्यात शिरत नाही तिथे हाताचा धुम्मस.

पायाखाली फळी २२५ बाय ५०, लांबीच्या दिशेने सलग. फळी आणि १०० मिमी पीसीसीतून भार ४५ अंशांत पसरला असं धरलं तर पायाखालचं क्षेत्र सुमारे ४२५ बाय ४५० मिमी होतं आणि मुरमावरचा दाब ५४० वरून ६४ वर येतो. फळीऐवजी विटेचा तुकडा, फरशीचा तुकडा किंवा प्लायची पट्टी चालणार नाही. वीट फुटते तेव्हा पाय एका झटक्यात काही सेंटिमीटर खाली जातो.

२६ मार्च

जमिनीची चाचणी. भरलेल्या डंपरच्या चासीखाली गेज लावलेला हायड्रॉलिक जॅक, त्याखाली १५० ची प्लेट, फळी आणि पीसीसी. दाब दीडपट, म्हणजे १८ किलोन्यूटन, अर्धा तास. तीन जागा निवडल्या: हॉलच्या मध्यावर, फूटिंगच्या खड्ड्यावर, बाहेरच्या पट्ट्यावर. मर्यादा ३ मिमी ठरवली होती, तिन्ही जागा त्यात बसल्या. मग खड्ड्यावरच्या जागेभोवती दिवसभर पाणी साचवून दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा घेतली. कोरडी चाचणी पास होणं सोपं असतं, खरी परीक्षा ओल्या जमिनीची. तीही मर्यादेत आली.

पाणी बाहेर काढायला हॉलच्या दोन्ही लांब बाजूंना पट्ट्याच्या बाहेर ३०० बाय ३०० ची चर, उतार रस्त्याच्या गटाराकडे.

३ एप्रिल

माल मागवला. व्हर्टिकल ३ मीटरचे २८८ आणि २.५ मीटरचे २४०. जोडण्या अशा: आतल्या बीमचे १०० पाय २.५ + २.५; कडेच्या बीमचे आतले २० आणि शेवटच्या बीमचे बाहेरचे २० पाय २.५ + ३. आतल्या स्लॅबचे ८० आणि बाहेरच्या लांब रांगांतले ४४ पाय ३ + ३. दोन मापं असल्यामुळे शेजारशेजारचे बरेच सांधे एका पातळीत येत नाहीत, ते बरंच.

लेजर पाच पातळ्यांवर: तळाला, मग दीड, तीन, साडेचार मीटरवर आणि बीमच्या पायाच्या शेवटच्या कपला. प्रत्येक पातळीला ०.९ चे २५२ आणि १.२ चे २४२, म्हणजे एकूण १२६० आणि १२१०. स्लॅबचे पाय बीमपेक्षा वर जातात, त्यांच्या माथ्याला सहावी पातळी लागते. ती फक्त दोन बीमच्या मधल्या जोडरांगांना. बाहेरच्या ६४ पायांना तळाशी एक जादा रांग. बेस जॅक आणि यू-जॅक (पायाच्या माथ्याचे, आडवा टेकू धरणारे जॅक) प्रत्येकी २८०, म्हणजे सोळा जादा. जॅकच्या आट्या खराब निघतातच.

बीमखालच्या आडव्या टेकूला लाकूड नको. दोन पायांमधल्या ०.९ मीटरवर साडेतीन किलोन्यूटन-मीटरच्या आसपास वाकवणारा जोर येतो. १०० बाय १५० चं लाकूड जेमतेम टिकेल, आणि बाजारातलं लाकूड लिहिलेल्या मापाचं कधीच नसतं. पाठीला पाठ लावलेले दोन आयएसएमसी ७५ (७५ मिमीचे पोलादी चॅनेल) घेतले. स्लॅबखाली ७५ बाय १०० चे मुख्य आणि ५० बाय ७५ चे ३०० मिमीवर, वर १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय.

९ एप्रिल

शिरोलीच्या गोदामातून माल आला. उतरवतानाच तपासणी, नंतर नाही. एकदा ढिगात गेलेला वाकडा पाईप परत सापडत नाही.

व्हर्टिकल सपाट चॅनेलवर लोळवून पाहायचे. ३ मीटरला ५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर बाजूला. टॉप कप हातोडीने वाजवून पाहायचा. तडा गेलेला कप बद्द आवाज देतो. हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही, निम्म्या पोरांच्या घरी कोणी ना कोणी फाउंड्रीत आहे. बॉटम कपचं वेल्डिंग, लेजरच्या टोकाच्या पात्या, स्पिगॉटची (दोन व्हर्टिकल जोडणाऱ्या तुकड्याची) पिन, जॅकचं नट आटीच्या दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरतं का, हे सगळं पाहायचं. परत पाठवलेल्या मालात सगळ्यात जास्त यू-जॅक होते. यूचा पत्रा दांड्याला काटकोनात नसेल तर तो घ्यायचाच नाही. काही व्हर्टिकल मध्ये कापून पुन्हा वेल्ड केलेले निघाले, रंगाखाली झाकलेले. तेही परत. नाकारलेल्या मालावर लाल पट्टा मारून गेटबाहेर ठेवला. पुरवठादाराची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, रात्री कोणी तो उचलून वापरायला नको.

१५ एप्रिल

जोतिबाच्या यात्रेत सेंट्रिंगची टोळी अर्धी. जमिनीवर रांगा आखून घेतल्या: पीसीसीवर निळीची दोरी मारून २२ आणि १२ रेघा, छेदाला रंगाचा ठिपका. फळ्या मांडल्या. यापुढे कोणी नजरेने पाय उभा करणार नाही.

२२ एप्रिल

उभारणी. एका कोपऱ्यापासून सुरुवात, पहिला चौकोन ओळंबा आणि लेव्हल नळीने पक्का करून मगच पुढे. तळाच्या लेजरची पातळी बेस जॅकवर काढायची. पहिल्या चौकोनात २ मिमी चुकलं तर अठरा मीटरवर टॉप कप हाताने फिरत नाहीत आणि मग पोरं हातोडीने ठोकून बसवतात. ठोकून बसलेला कप पाहून वाटतं घट्ट आहे. प्रत्यक्षात लेजरची पाती अर्धीच आत असते.

ओळंबा: प्रत्येक मीटरला ३ मिमी, पूर्ण उंचीला १५ मिमीपेक्षा जास्त कल नको. जॅकची उघडी आटी ३०० मिमीच्या आत. बीमच्या पायाला ५ मीटर पाईप धरून खाली-वर मिळून सुमारे ३४० मिमी उरतात: १३० खाली, २१० वर. सोडताना यू-जॅक किमान ५० मिमी खाली यायला हवा, म्हणून वरच्या जॅकला जास्त ठेवलं.

लेजरबद्दल टोळीला एकच आकडा सांगितला. दीड मीटरऐवजी तीन मीटर मोकळा राहिलेला पाईप बाजूला फुगायला चौथाईच ताकद लागते. सैद्धांतिक भार १०० किलोन्यूटनवरून २५ वर येतो, आणि वापरलेला पाईप त्या पंचविसापर्यंतही पोचत नाही. शिडी नेता येईना म्हणून इलेक्ट्रिशियनने काढलेला एक लेजर म्हणजे एवढा फरक. जाण्या-येण्यासाठी आराखड्यातच एक रांग ठरवली आहे. तिथे दीड मीटरचा लेजर मुद्दाम दोन मीटरवर नेलाय आणि शेजारच्या गाळ्यांना जादा ब्रेसिंग दिलंय. बाकी कुठूनही वाट नाही.

२९ एप्रिल

ब्रेसिंग. कपलॉकची चौकट उभी राहिली की इतकी भक्कम दिसते की तिरपे पाईप कशाला, असं सगळ्यांनाच वाटतं. चौकोनाला तिरपा पाईप नसेल तर तो बाजूला झुकायला मोकळा असतो. कपचा सांधा थोडा अडवतो, पुरेसा नाही.

एकूण उभा भार सुमारे २१०० किलोन्यूटन. त्याच्या अडीच टक्के आडवा जोर धरला, म्हणजे ५२ किलोन्यूटन. हा जोर येतो कल चुकलेल्या पायांतून, पंपाच्या धक्क्यातून, वाऱ्यातून, एका बाजूने आधी भरलेल्या काँक्रीटमधून. तो जमिनीपर्यंत नेण्यासाठी दर चौथ्या रांगेला, दोन्ही दिशांना, तळापासून माथ्यापर्यंत तिरपे पाईप, ४५ ते ६० अंशांत, स्विव्हल क्लॅम्पने. क्लॅम्प सांध्यापासून ३०० मिमीच्या आत बसवायचा. पाईपच्या मधोमध बांधलेला तिरपा पाईप व्हर्टिकलला आधार देत नाही, उलट वाकवतो. तीन मीटरच्या पातळीवर आडवं ब्रेसिंग. शिवाय बाराही कॉलमना दोन पातळ्यांवर पाईपचा चौकोनी विळखा. कॉलम भरून दीड महिन्याहून जास्त झालाय, हा फुकटचा आधार सोडायचा नाही.

क्लॅम्पचे नट पान्याने कसायचे. टोळीतल्या एकाकडे खडू दिलाय: कसलेल्या नटावर रेघ. रेघ नाही तो क्लॅम्प सैल समजायचा.

६ मे

वरचं टोक. यू-जॅकमध्ये आडवा टेकू मध्यावर बसला पाहिजे. यू १५० मिमी रुंद, लाकूड ७५ मिमी, त्यामुळे ते एका कडेला टेकवून ठेवायची सवय असते. बीमच्या पायावर ४० मिमी बाजूला बसलेला टेकू पाईपमध्ये १०० न्यूटन प्रति चौरस मिमीचा वाकवणारा ताण आणतो. सरळ भाराचा ताण फक्त २७ आहे. म्हणजे ४० मिमीच्या आळसाने ताण जवळपास पाचपट. दोन्ही बाजूंनी पाचर मारून, पाचरीला खिळा ठोकून टेकू मध्यावर धरायचा. एकेक यू-जॅक शिडीवर चढून पाहिला. वेळ लागला, पण सगळ्या तपासण्यांत ही सर्वात मोलाची.

बीमच्या पेटीला ५० मिमी अंतर सोडून खाली कॉलमभोवती फोम पट्टी, नाहीतर बीम-कॉलमच्या सांध्यातून पेस्ट गळते. बगलांना १२ मिमी टाय रॉड, ६०० मिमीवर, दोन ओळी. एक मीटर खोल बीममध्ये तळाशी बाजूचा दाब २६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंत जातो. खालची ओळ तळापासून २०० मिमीच्या आत हवी, मध्यावर ठेवली तर तळ फुगतो. डिझायनरने मध्यावर २० मिमी कॅम्बर (बीमला मुद्दाम दिलेला वरचा उचल) मागितलाय. तो यू-जॅकवर, दोरी ताणून, दर दुसऱ्या पायाला मोजून दिला.

११ मे

वळीव. दुपारी वारा, मग तासभर पाऊस. सळई अजून बांधलेली नव्हती आणि प्लायच्या कडेच्या काही शीट उचकटल्या. सळई नसलेल्या रात्री प्रत्येक शीटला किमान चार खिळे आणि कडेच्या शीटवर आडवी पट्टी, हे आता रोजचं काम.

पावसानंतर खाली फिरून पाहिलं. चर वाहती होती, पीसीसीवर पाणी साचलं नाही. बाहेरच्या पट्ट्याच्या एका कोपऱ्यात पाण्याने मुरूम कडेने उघडा पडला होता. तिथे पीसीसी ६०० मिमी वाढवली. सगळ्या बेस जॅकची नटं पुन्हा हाताने तपासली. एखादा पाय हाताने हलत असेल तर त्यावर भारच नाही, म्हणजे त्याच्या वाट्याचा भार शेजारी आहे. असे काही पाय निघाले, नट अर्धा-पाऊण फेरा आवळून घेतले.

१७ मे

ओतण्याआधीची शेवटची फेरी तीन जणांनी वेगवेगळी केली आणि तिन्ही यादींवर सह्या. डिझायनर, साईट इंजिनिअर आणि सेंट्रिंगचा मुकादम. मुकादमाची सही सगळ्यात आधी घेतली. त्याला माहीत असतं कुठे काय राहिलंय.

बीमच्या तळाला सहा जागी पट्ट्या टांगल्या, खाली जमिनीवरच्या खुंटीवर खूण. ओततानाची घसरण दोरीशिवाय, लांबून दिसते. ५ मिमी झाली की थांबून पाहायचं, १० झाली की पंप बंद आणि वरची माणसं खाली. हा निर्णय खाली थांबलेल्याचा, वरच्या कोणाचाही नाही. निरीक्षक स्टेजिंगच्या बाहेर उभा राहील. ओतणं चालू असताना आत कोणीही शिरायचं नाही, जॅक आवळायलाही नाही.

१८ मे

सकाळी सहाला सुरुवात. एकूण ५७ घनमीटर, ६ घनमीटरचे दहा मिक्सर, बूम पंप (गाडीवरच्या लांब हाताने काँक्रीट टाकणारा). पाईपलाईन पंप घेतला नाही, कारण त्याची लाईन स्टेजिंगवर बांधावी लागते आणि प्रत्येक ठोक्याला ती चौकट हलवते.

आधी सर्व बीम ४०० मिमीच्या थरांत, मध्यापासून दोन्ही टोकांकडे, मग स्लॅब. वेग तासाला १५ घनमीटर. पंपवाल्याला तिप्पट वेगाने जायचं असतं, पुढचं काम गाठायचं म्हणून. एका जागी ढीग करू दिला नाही. मीटरभर उंचीच्या ढिगाचा भार २६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, गणितात धरलेल्या ६.९ च्या जवळपास चौपट. बूमचं तोंड सतत फिरतं ठेवायला वर एकच माणूस नेमला होता, त्याच्या हातात दुसरं काही नाही.

पट्ट्यांवरची घसरण मुख्य बीमच्या मध्यावर ३ ते ४ मिमी, सांधे आणि लाकूड बसण्याची. खड्ड्यांवरच्या टोकांना २ मिमी. कुठेही थांबावं लागलं नाही.

२८ मे

आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, ६ मीटरवरच्या बीमचे २१ दिवसांनी. पण ती मुदत ओपीसी (साध्या पोर्टलंड) सिमेंटसाठी आहे. आपल्याकडचं काँक्रीट पीपीसीचं (पोर्टलंड पोझोलाना सिमेंटचं), ताकद सुरुवातीला हळू येते, म्हणून स्लॅबला १० दिवस आणि जागेवरच क्युअर केलेल्या क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांचा) निकाल, दोन्ही पाहून सोडायचं.

सोडण्याआधी एक गणित आवश्यक, ते सहसा कोणी करत नाही. स्लॅबचे मधले पाय काढले की त्यांचा भार बीमवर येतो, आणि बीम अजून टेकूवर आहे. म्हणजे, घट्ट झालेलं काँक्रीट घनमीटरला २५ धरून, बीमखालच्या प्रत्येक जोडीवर ३.६ बाय १.२ मीटरचा स्लॅब: १६.२, बीमची बगल ८.१, मिळून २४.३ किलोन्यूटन. एका पायाला १२.१५. ओतण्याच्या दिवशी होते तेवढेच. वर चौरस मीटरला दीड किलोन्यूटनची वर्दळ धरली तर १५.४. वीस मध्ये बसतं, पण गच्चीवर विटांचा ट्रक उतरवला तर नाही. जिन्याच्या तोंडाला दोरी बांधली. क्युअरिंगच्या आळ्यांतलं ५० मिमी पाणी अर्धा किलोन्यूटन, ते चालतं. पीपीसीला उन्हाळ्यात क्युअरिंग १४ दिवस.

मधल्या रांगा हॉलच्या मध्यापासून कडेकडे सोडल्या. सगळ्यांचे यू-जॅक आधी अर्धा फेरा, मग दुसरा अर्धा. एक पाय पूर्ण सोडून पुढच्याकडे जायचं नाही. बीमच्या रांगांचे लेजर आणि तिरपे पाईप जसेच्या तसे ठेवले. स्लॅबचे पाय गेल्यावर बीमची रांग दोनच पाय रुंद आणि साडेपाच मीटर उंच उरते, तिला बाजूने धरणारं आता फक्त तेच.

१२ जून

बीमचे २५ दिवस पूर्ण. मृगाचा पाऊस सुरू झालाय, माल लवकर परत जायला हवा. जून सरताना पंचगंगेची पातळी चढू लागली की रस्ते आणि गाड्यांचा भरवसा राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका असला, तरी ओढ्याकाठचा हा रस्ता त्याआधीच गाळात जातो. म्हणून सोडण्याचा कार्यक्रम मार्चमध्येच या आठवड्यात बांधला होता.

क्यूबचा निकाल २५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर. बीम मध्यापासून टोकांकडे सोडले, प्रत्येक बीमच्या जोड्या दोन्ही अंगांना एकाच वेळी. मध्यावर पट्टी लावून मोजलं: कॅम्बरच्या २० मिमीतून ७ मिमी उतरले, बीम अजून वर उचललेला.

१५ जून

मोजून माल परत. जॅकच्या आट्या तारेच्या ब्रशने साफ करून तेल लावलं. सिमेंट बसलेली आटी पुढच्या साईटवर हातोडीने फिरवली जाते.

पीसीसीची पातळी पुन्हा घेतली. हॉलच्या मध्यावर फरक नाही. फूटिंगवरच्या तुकड्यांपैकी दोन कॉलमांजवळ ३ मिमी बसलेलं, खड्ड्याच्या काठावर केसाएवढी भेग. टाइल्स घालणाऱ्याला त्या रेघा पीसीसीवर लाल रंगाने आखून दिल्या, तिथे सांधा सोडायचा.

गच्चीच्या पॅरापेटसाठी बाहेरून परांची लागेल. त्याला बाहेरचा पट्टा तयार आहे, ब्रॅकेट भिंतीत ठोकायची गरज नाही. माप घेऊन ठेवलं: तळ पट्ट्यावर, पहिला मजला २ मीटरवर, भिंतीपासून ३०० मिमी.